वॉकरटन, मे २०००: न चमकणारा ई. कोलाय आणि दाबून ठेवलेला रिपोर्ट

पाण्याच्या लॅबमध्ये नवीन आलेल्या पोरांना ई. कोलायची, म्हणजे आतड्यात राहणाऱ्या जंतूची, रंग बदलणारी टेस्ट शिकवताना एक प्रश्न हमखास येतो आणि तो बहुतेक वेळा वर्गातलं सगळ्यात हुशार पोरगंच विचारतं. पुस्तकात वाचलेलं असतं की ओ१५७:एच७ हा ई. कोलायमधला सगळ्यात घातक प्रकार, आणि त्याच पुस्तकात दोन पानं पुढे असतं की हा प्रकार या टेस्टमध्ये यूव्ही दिव्याखाली चमकतच नाही. मग मॅडम, जो जीव घेतो तोच दिसत नसेल तर ही टेस्ट करायचीच कशाला?

तत्त्व सांगून याचं उत्तर देता येतं पण ते डोक्यात बसत नाही, म्हणून मी दरवेळी कॅनडातल्या वॉकरटनच्या नळाच्या पाण्यातून आलेल्या साथीचं प्रकरण घेते. त्यात मारणारा जंतू नेमका हाच होता, ओ१५७:एच७, सोबत कॅम्पिलोबॅक्टर हा जुलाबाचा दुसरा जंतू. पुढे न्यायाधीश डेनिस ओ'कॉनर यांच्या चौकशी आयोगाने तारीखवार, फोनवार सगळं नोंदवून ठेवलं, त्यामुळे कुठल्या दिवशी कुणाला काय माहीत होतं हे आज आपल्याला अगदी नीट कळतं, असं क्वचितच कुठल्या साथीचं होतं.

वॉकरटन म्हणजे कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातलं साधारण ४८०० वस्तीचं गाव, आजूबाजूला शेती आणि गुरं. गावाला पाणी बोअरचं, चालू बोअर तीन, ५, ६ आणि ७ नंबरची. यातली ५ नंबर १९७८ सालची आणि पहिल्या दिवसापासून कच्ची. केसिंग, म्हणजे बोअरच्या आतला संरक्षक पाइप, जेमतेम ५ मीटर, त्याखाली भेगाळलेला खडक, म्हणजे वरचं पाणी गाळून न निघता सरळ आत. बोअर चालू करतानाच तज्ज्ञांना शंका होती की जवळच्या शेतातलं इथे उतरू शकतं, पण मंजुरी देताना कुठलीही अट घातली गेली नाही आणि पुढे बावीस वर्षं कुणी ती फाइल नीट उघडून बघितली नाही.

एप्रिलच्या शेवटी शेजारच्या शेतात शेणखत टाकलं गेलं. त्या शेतकऱ्याचा काही दोष नाही, आयोगाने हे स्पष्ट लिहिलंय, त्याने सगळं नियमाप्रमाणेच केलं होतं. मग ८ ते १२ मे या पाच दिवसांत १३४ मिलिमीटर पाऊस झाला, त्यातला ७० मिलिमीटर एकट्या १२ तारखेला. कोकणातल्या किंवा महाबळेश्वरच्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल, पण आकड्यापेक्षा तो पडला कुठे ते बघायचं, ताजं शेण पसरलेल्या जमिनीवर आणि त्याखाली भेगाळलेला खडक. शेणातले जंतू ५ नंबरच्या बोअरमध्ये उतरले आणि नळाने गावभर गेले.

इथे क्लोरिनने काम करायला हवं होतं. पण क्लोरिन काही फक्त जंतू मारत बसत नाही, पाण्यात जी काही सेंद्रिय घाण असेल तिच्याशी झटापट करण्यातच तो आधी खर्च होतो. घाण वाढली की उरलेला क्लोरिन कमी होत होत शून्यावर येतो, आणि तसा तो शून्यावर आला हीच तर सगळ्यात पहिली धोक्याची घंटा असते. नियम होता की १५ मिनिटांनंतर निदान ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरिन शिल्लक दिसला पाहिजे आणि तो रोज मोजायचा. वॉकरटनच्या पंपवाल्यांनी तो बहुतेक दिवस मोजलाच नव्हता, वर्षानुवर्षं वहीत ठराविक आकडे भरले जायचे, ०.५ किंवा ०.७५, आणि १३ मेच्या नोंदीतही तसाच आकडा आहे. प्रत्यक्षात त्या दिवशी क्लोरिन शिल्लक असणं जवळजवळ अशक्य होतं. या गोष्टीवर मी नंतर परत येणार आहे, कारण माझ्या मते सगळ्या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, रंगाच्या टेस्टपेक्षाही.

सोमवारी १५ मेला नेहमीप्रमाणे बॅक्टेरियाच्या तपासणीचे नमुने घेतले आणि एका खासगी लॅबला पाठवले. बाटलीवर एका ठिकाणचं नाव आणि आतलं पाणी दुसऱ्याच ठिकाणचं, ही तिथली जुनी सवय होती, ती यावेळीही पाळली गेली. बुधवारी १७ मेला लॅबचा रिपोर्ट पंपघर चालवणाऱ्या संस्थेकडे आला. नमुन्यांत कोलिफॉर्म (ई. कोलाय ज्यात मोडतो तो जंतूंचा गट) आणि ई. कोलाय सापडले होते, म्हणजे पाण्यात विष्ठा मिसळली आहे हे बुधवारीच कागदावर होतं.

आता प्रकरण थोडं बाजूला ठेवून बाटलीच्या आत काय घडतं ते बघू, कारण पोरांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथे आहे. (वॉकरटनच्या लॅबने त्या दिवशी कुठली पद्धत वापरली हा मुद्दा नाही, आज जगभर आणि आपल्याकडच्याही बऱ्याच लॅबमध्ये जी वापरतात ती सांगते.)

पूर्वीची पद्धत म्हणजे मल्टिपल ट्यूब, एमपीएन. लॅक्टोजचं ब्रॉथ (जंतू वाढवायचं द्रावण), आत उलटी ठेवलेली इवलीशी डरहॅम ट्यूब, गॅसचा बुडबुडा दिसायची वाट बघायची २४ तास, नाही दिसला तर ४८ तास, मग दुसऱ्या ब्रॉथमध्ये खात्री करायला परत तेवढेच, असे तीन-चार दिवस जायचे. एन्झाइमच्या पद्धतीत विचारच वेगळा आहे. जंतू काय खातो, त्याने गॅस किती सोडला हे बघत बसण्यापेक्षा त्याच्याकडे असलेलं विशिष्ट एन्झाइम पकडायचं. कोलिफॉर्म गटाकडे बीटा-गॅलॅक्टोसिडेज असतं, लॅक्टोज तोडायचं. ई. कोलायकडे त्याच्यासोबत बीटा-ग्लुकुरोनिडेज असतं, जे बाकीच्या कोलिफॉर्मांकडे सहसा नसतं. मग रसायनवाल्यांनी काय केलं तर एक साखर आणि एक रंग देणारा रेणू असे एकमेकांना जोडले, जोडलेले असेपर्यंत रंग दिसत नाही, एन्झाइमने तो जोड तोडला की रंग मोकळा होतो. गॅलॅक्टोजला ऑर्थो-नायट्रोफेनॉल जोडलं की झालं ओएनपीजी, तुटलं की पिवळं. ग्लुकुरोनिक आम्लाला मेथिल-अम्बेलिफेरोन जोडलं की झालं एमयूजी, तुटलं की साध्या उजेडात काहीच दिसत नाही पण ३६५ नॅनोमीटरच्या यूव्ही दिव्याखाली निळं चमकतं.

एमयूजी पहिल्यांदा ई. कोलायसाठी ब्रॉथमध्ये घालून बघितलं पीटर फेंग आणि पॉल हार्टमन यांनी, पेपर १९८२ चा. पुढे येल विद्यापीठातल्या स्टीफन एडबर्ग यांनी ओएनपीजी आणि एमयूजी एकाच पावडरीत आणून १९८८ मध्ये त्याची मोठी तुलनात्मक चाचणी छापली, कोलिलर्ट म्हणून जी पद्धत आपण ओळखतो ती हीच. यात मीडियाच, म्हणजे जंतूंचं खाद्यच, असं बेतलंय की खायला प्रामुख्याने हे दोन सब्स्ट्रेटच (एन्झाइम ज्यांना तोडतं ते रेणू) आहेत, ज्याच्याकडे ते तोडायचं एन्झाइम नाही त्याची वाढ मुळात होऊच नये.

प्रत्यक्षात करताना हे फार साधं दिसतं. १०० मिलिलिटर नमुना, बाटलीत आधीपासून सोडियम थायोसल्फेट टाकलेलं, कारण नमुन्यात शिल्लक क्लोरिन असेल तर तो प्रवासात जंतू मारत राहतो आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. पावडरची पुडी फोडायची, हलवायचं, ३५ अंशाला ठेवायचं आणि २४ तासांनी काढायचं. बाटली बिनरंगी राहिली तर कोलिफॉर्म नाहीत. पिवळी झाली तर आहेत. पिवळी झालेली घेऊन अंधाऱ्या कोपऱ्यात यूव्ही दिव्याच्या पुढे अगदी जवळ धरायची, आणि ई. कोलाय असेल तर ती पिवळी बाटली डोळ्यांदेखत निळसर पेटते, कडेपासून कडेपर्यंत, त्यात मग शंकेला जागा राहत नाही. अंधुक वाटलं तर मनाने ठरवायचं नाही, सोबत कंपॅरेटरची बाटली येते, तिच्याशी ताडून बघायचं. २८ तासांच्या पुढे राहिलेली पिवळी बाटली धरायची नाही, पण तेव्हाही बिनरंगीच असेल तर ती निगेटिव्ह म्हणून चालते, हे नवीन पोरं उलटं लक्षात ठेवतात.

बाटलीऐवजी अगारच्या, म्हणजे जेलीच्या, प्लेटवर करायचं असेल तर सब्स्ट्रेट वेगळे लागतात. नायट्रोफेनॉल आणि अम्बेलिफेरोन दोन्ही पाण्यात विरघळतात, जेलीत पसरतात, कुठली कॉलनी चमकतेय तेच कळत नाही. म्हणून तिथे इंडॉक्सिल वापरतात, एक्स-ग्लुक वगैरे. एन्झाइमने तोडलं की सुटलेला इंडॉक्सिल हवेतल्या ऑक्सिजनने जोडी जोडीने एकत्र येऊन इंडिगोच्या जातीचा रंग होतो, आपल्या निळीच्याच कुळातला, आणि तो विरघळत नाही, कॉलनीतच अडकून बसतो. क्रोमोकल्टसारख्या अगारवर त्यामुळे साधे कोलिफॉर्म गुलाबी-लाल आणि ई. कोलाय गडद निळा-जांभळा असे एकाच प्लेटवर शेजारी शेजारी दिसतात आणि मोजताही येतात.

आता ओ१५७:एच७. याच्याकडे ग्लुकुरोनिडेजचा जीन, यूआयडीए, आहे, तो हरवलेला नाही. पण त्यात बदल झालेत, त्यातला +९३ या जागेवरचा एका अक्षराचा बदल तर इतका खास आहे की त्यावरून पीसीआरने हा प्रकार ओळखता येतो, आणि हे शोधणाऱ्यांत पुन्हा तेच पीटर फेंग. जीन आहे पण कामाचं एन्झाइम बनत नाही, म्हणून एमयूजी तुटत नाही, म्हणून निळं नाही. गॅलॅक्टोसिडेज मात्र आहे, त्यामुळे बाटली पिवळी होते, पण दिव्याखाली धरली की काळोख. पेशंटच्या शौचाच्या नमुन्यात त्याला शोधतात ते वेगळ्या युक्तीने, तो सॉर्बिटॉल लगेच आंबवत नाही म्हणून सॉर्बिटॉल मॅकॉन्की अगारवर त्याच्या कॉलन्या रंगहीन राहतात, बाकीच्या गुलाबी. (१९८२ हे साल या विषयात फार मोलाचं आहे, फेंग-हार्टमनचा पेपर त्या वर्षीचा आणि अमेरिकेत हॅम्बर्गर खाऊन रक्ती जुलाब झालेल्या लोकांमध्ये ओ१५७ पहिल्यांदा ओळखला गेला तोही त्याच वर्षी.)

मग वॉकरटनच्या नळाचं पाणी या बाटलीत घातलं असतं तर ती चमकली असती का? चमकली असतीच, आणि हे मी अंदाजाने म्हणत नाही. गाईच्या शेणात ओ१५७ एकटा कधीच येत नाही. त्याच्यासोबत साधा, निरुपद्रवी, ग्लुकुरोनिडेजवाला ई. कोलाय प्रचंड संख्येने असतो, गुरं असोत की माणसं, आतड्यातला तो कायमचा रहिवासी आहे, आणि ई. कोलायच्या साधारण ९५ टक्क्यांच्या आसपास जाती हे एन्झाइम बनवतात. शेतात रानडुकरं शिरली का हे कळायला डुक्करच दिसावं लागत नाही, चिखलातले खुरांचे ठसे पुरतात. इंडिकेटर टेस्ट शोधते ती विष्ठा, आणि विष्ठा सापडली की त्यात ओ१५७ आहे की कॅम्पिलोबॅक्टर आहे की टायफॉइडचा जंतू आहे याची वाट बघायची नसते, पाणी बंद करायचं असतं. वॉकरटनमध्ये कॅम्पिलोबॅक्टरनेही खूप लोक आजारी पडले, तो तर कोलिफॉर्मही नाही, या मीडियात उगवणारही नाही, पण आला त्याच शेणातून आणि त्याच पाण्यातून. त्यामुळे पोरांच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की जीव घेणारा जंतू टेस्टमध्ये चमकला नाही हे खरं, पण वॉकरटनमध्ये माणसं त्यामुळे मेलेली नाहीत. टेस्टने बुधवारीच सांगितलं होतं.

मग पुढे काय झालं ते बघा, आणि हे सांगताना मला आजही संताप येतो.

रिपोर्ट बुधवारी १७ तारखेला आला. लॅबने तो फक्त आपल्या ग्राहकाला, म्हणजे पंपघराच्या संस्थेला पाठवला. ओंटारिओत १९९६ पर्यंत गावांच्या पाण्याची तपासणी सरकारी लॅब करायच्या, खराब रिपोर्ट आला की त्या आपसूक खात्याला कळवायच्या. खर्च कपातीत ते काम खासगी लॅबकडे गेलं पण खराब रिपोर्ट आरोग्य खात्याला कळवलाच पाहिजे असा कायदा कुणी केला नाही. लॅबच्या मते रिपोर्ट ही ग्राहकाची खासगी गोष्ट होती. ग्राहकाने तो टेबलावर ठेवून दिला.

गुरुवारी १८ ला जवळच्या ओवेन साउंडच्या हॉस्पिटलमध्ये वॉकरटनची दोन मुलं भरती झाली, एकाला रक्ती जुलाब. शुक्रवारी तिथल्या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांना ओ१५७ चा संशय आला आणि त्यांनी आरोग्य खात्याला कळवलं. खात्याने लगेच पंपघराच्या मॅनेजरला फोन केला, पाणी कसं आहे? उत्तर मिळालं, ठीक आहे. त्या क्षणी बुधवारचा रिपोर्ट त्यांच्याकडे होता. त्याच रात्री गुपचूप पाइपलाइनमध्ये जास्तीचा क्लोरिन सोडायला सुरुवात झाली. शनिवारी लोक धडाधड आजारी पडत होते, खात्याने परत विचारलं, परत तेच उत्तर. पाणी चांगलं असं सांगितल्यामुळे डॉक्टर मंडळी खाण्यात दोष शोधत बसली. शेवटी पंपघराच्याच एका कर्मचाऱ्याने नाव न सांगता पर्यावरण खात्याच्या फोनवर कळवलं की नमुने खराब आले आहेत.

रविवारी २१ मेला दुपारी आरोग्य अधिकारी डॉ. मरे मॅक्विग यांनी कुणाच्या रिपोर्टची वाट न बघता पाणी उकळून प्या असा आदेश काढला आणि आपले स्वतःचे नमुने घेतले. सोमवारी सुट्टी होती, व्हिक्टोरिया डे, त्या दिवशी पहिला मृत्यू झाला. मंगळवारी २३ ला खात्याच्या नमुन्यांत ई. कोलाय निघाला, आणि ते समोर ठेवल्यावर मग मॅनेजरने १७ तारखेचा कागद बाहेर काढला.

एकूण साधारण २३०० लोक आजारी पडले, म्हणजे गावातला जवळपास निम्मा माणूस. ६५ जण हॉस्पिटलमध्ये, २७ जणांना एचयूएस, म्हणजे ओ१५७ च्या विषाने रक्तपेशी फुटून किडन्या बंद पडतात तो आजार, तो लहान मुलांना जास्त होतो. सात जण गेले.

आता या प्रकरणाचा हिशोब मांडताना बहुतेक लोक सगळा दोष त्या लपवलेल्या कागदावर टाकून मोकळे होतात. तो गुन्हा होताच, पुढे २००४ मध्ये संबंधितांना शिक्षाही झाली. पण आयोगाने अजून एक गणित केलं आणि ते पाण्याच्या लॅबमधल्या माणसाने भिंतीवर लिहून ठेवावं असं आहे. १९ मेलाच खरं सांगून पाणी उकळायचा आदेश निघाला असता तर ३०० ते ४०० लोक आजारी पडायचे वाचले असते, मृत्यू मात्र बहुधा टळले नसते. पटकन वाचलं तर धक्का बसतो. पण तारखा लावून बघा. घाण शिरली १२ मेच्या आसपास. नमुना घेतला १५ ला, कारण तो सोमवार होता. मग नमुन्याचा प्रवास, मग २४ तास इन्क्युबेटर. रंग दिसेपर्यंत गावाने ते पाणी पाच दिवस प्यायलेलं होतं, आणि ओ१५७ पोटात गेल्यावर लक्षणं दिसायला साधारण तीन-चार दिवस लागतात, म्हणजे १८ ला भरती झालेल्या मुलांनी ते पाणी रिपोर्ट येण्याच्या आधीच प्यायलं होतं. जंतू वाढवून रंग बघायची कुठलीही टेस्ट, कितीही सुंदर असो, ती रोगापुढे नेहमी मागेच राहणार, कारण तिला एका जंतूचे लाखो व्हायला वेळ द्यावाच लागतो. नुसत्या तिच्या भरवशावर राहिलं तर बैल गेला अन् झोपा केला.

म्हणून क्लोरिन. आयोगाचा निष्कर्ष असा की ५ नंबरच्या बोअरवर क्लोरिन आणि गढूळपणा सतत मोजणारी यंत्रं असती तर ही साथ आलीच नसती, आणि तीही सोडा, हाताने रोज क्लोरिन मोजला असता तरी साथ खूपच आटोक्यात राहिली असती. क्लोरिनची टेस्ट पण रंगाचीच आहे, फक्त तिला २४ तास लागत नाहीत. उरलेला क्लोरिन शून्य दिसला की जंतू कुठला हे विचारायची गरजच नाही. मला वाटतं एन्झाइमची टेस्ट आणि क्लोरिनची टेस्ट यांना आपण उगाच पर्याय म्हणून बघतो, त्या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. क्लोरिन सांगतो आत्ता या क्षणी संरक्षण आहे का. एन्झाइमची बाटली सांगते गेल्या काही दिवसांत विष्ठा आत आली का, म्हणजे बोअर कच्ची आहे का, पाइप कुठे फुटलाय का, टाकीत काही शिरतंय का. आणि वॉकरटनच्या ५ नंबरने हे आधीच सांगितलं होतं, आधीच्या वर्षांतही तिथे खराब नमुने येत होते, त्यांच्याकडे कानाडोळा झाला. एका निळ्या बाटलीपेक्षा वर्षभरातल्या निळ्या बाटल्यांची यादी जास्त बोलते.

रंगाच्या टेस्टच्या मर्यादा या प्रकरणाबाहेरच्याही आहेत. उरलेल्या पाचेक टक्के ई. कोलाय जाती चमकत नाहीत. काही शिगेला आणि थोड्या साल्मोनेलांकडेही ग्लुकुरोनिडेज असतं, अर्थात पिण्याच्या पाण्यात ते दिसले म्हणून कुणी त्याला चुकीचा पॉझिटिव्ह म्हणू नये. समुद्राच्या पाण्यात तिथलेच जंतू बाटली पिवळी करतात म्हणून नमुना दसपट पातळ करूनच लावायचा असतो. मोठी मर्यादा वेगळीच आहे, ई. कोलाय क्लोरिनला लगेच मरतो पण काही विषाणू जास्त तग धरतात, आणि क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी तर क्लोरिनला जुमानतच नाही. १९९३ मध्ये अमेरिकेत मिलवॉकीला सुमारे ४ लाख लोक क्रिप्टोने आजारी पडले तेव्हा पाणी कोलिफॉर्मच्या नियमात बसत होतं. म्हणजे बाटली निळी झाली तर पाणी खराब हे नक्की, पण नाही झाली म्हणून पाणी चांगलं हे तेवढं नक्की नाही. काविळीची साथ असलेल्या गावातून बिनरंगी बाटली आली म्हणून आम्ही लॅबवाल्यांनी पाणी सुरक्षित असं लिहून हात झटकू नयेत. "या नमुन्यात ई. कोलाय आढळला नाही" एवढंच लिहावं.

आपल्याकडे या सगळ्याचे धागे थेट जोडता येतात. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो, तो टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतो आणि नळावर ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्ट करतो, पाणी पिवळं झालं तर क्लोरिन आहे. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे नळाला निदान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरिन शिल्लक हवा आणि १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय एकही चालत नाही. टीसीएलची गोणी फोडून महिनोन्महिने दमट खोलीत पडली की तिची ताकद उतरते, टाकणारा प्रामाणिकपणे तेवढीच पावडर टाकतो आणि ओटी मात्र पांढरी येते, हे खेडोपाडी नेहमीचं आहे. तेव्हा वहीत काय लिहायचं, जे दिसलं ते की जे दिसायला हवं होतं ते, वॉकरटनच्या १३ मेच्या नोंदीचा प्रश्न तोच आहे. मी तर म्हणेन की ओटी पांढरी आली असं लिहिणाऱ्या जलसुरक्षकाला कुणी रागवताच कामा नये, उलट त्याला त्याच दिवशी नवीन गोणी मिळाली पाहिजे. रागावलं की पुढच्या वेळी वहीत पिवळं येतं.

जलजीवन मिशनमध्ये गावागावात पाच-पाच बायकांना किट वापरायला शिकवलंय, त्यात बॅक्टेरियासाठी बहुधा एचटूएसची बाटली असते, पाणी भरून ठेवायचं, काळी झाली तर खराब. ती एन्झाइम सब्स्ट्रेटची टेस्ट नाही, आतड्यातले बरेच जंतू हायड्रोजन सल्फाइड सोडतात आणि तो लोहाशी मिळून काळा होतो यावर ती चालते, पण तीही आपल्याच देशातली, मांजा, मौर्य आणि राव यांनी ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतून १९८२ मध्येच मांडलेली. जमिनीतले काही जंतूही तिला काळी करू शकतात, त्यामुळे काळी झाली की एन्झाइमच्या टेस्टने ई. कोलाय आहे का ते बघावं, पण ते कळेपर्यंत पाणी उकळायला सांगून टाकावं. या बायकांशी बोलताना मला कायम जाणवतं की बाटली काळी झाली तर काय करायचं हे त्यांना पाठ असतं, फक्त फोन कुणाला करायचा तिथे गाडी अडते. ग्रामसेवक रजेवर, सरपंच तालुक्याला, मग सोमवारी बघू. म्हणून आमच्याकडे जे प्रशिक्षणाला येतात त्यांना मी बाटलीच्या खोक्यावरच मार्करने तीन नंबर लिहायला लावते, पहिला प्राथमिक आरोग्य केंद्राचा, आणि पहिला लागला नाही तर दुसरा, त्यात ग्रामपंचायतीला विचारायची अट नाही.

ओंटारिओने हेच कायद्यात घातलं. ऑगस्ट २००० मध्येच नवा नियम आला आणि २००२ च्या कायद्याने तो पक्का केला. आता खराब नमुना दिसला की लॅबने पाणीवाल्यांना, आरोग्य अधिकाऱ्याला आणि पर्यावरण खात्याला लगेच कळवायचं, आणि नुसता कागद पाठवून भागत नाही, पलीकडे माणसाशी प्रत्यक्ष बोललंच पाहिजे. वॉकरटनचा पाणी उकळायचा आदेश शेवटी ५ डिसेंबर २००० ला उठला. आजारी पडलेल्यांच्या प्रकृतीवर डॉक्टरांनी पुढे २००८ पर्यंत लक्ष ठेवलं, तेव्हा दिसलं की त्या मे महिन्यात ज्यांना जोरात जुलाब झाले होते त्यांच्यात नंतर ब्लडप्रेशर आणि किडनीच्या तक्रारी इतरांपेक्षा जास्त निघाल्या.